मेंदी बंद करून केस मूळ रंगावर आणायचे असतील तर

केसांना लावलेली खरी मेंदी धुऊन पूर्ण निघत नाही. शाम्पू, तेल, दही, लिंबू, मध यांपैकी कशानेच नाही. ती काही प्रमाणात उतरते, तिचा भगवेपणा दाबता येतो, आणि उरलेली हळूहळू वाढवून कापून टाकावी लागते. ही तिन्ही कामं कोणत्या क्रमाने आणि किती करायची, एवढंच आपल्या हातात आहे. हे आधी मान्य केलं की एका रात्रीत मूळ रंग देणाऱ्या उपायांवर केस आणि पैसे वाया जात नाहीत.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ओल्या लगद्यातून ते केसात शिरतं आणि केसाच्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंध करतं. हातावरचं मेंदीचं रंगकाम दहा-पंधरा दिवसांत फिकं पडतं, कारण कातडीचा वरचा थर झडतो आणि नवा येतो. केस मात्र मुळातून बाहेर आला की नवा होत नाही. टोकाशी असलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या केसावर तीन वर्षांपूर्वीची मेंदी तशीच असते, आणि दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत लेप दिला असेल तर थरावर थर चढलेले असतात. म्हणून मुळाशी तांबूस-नारिंगी आणि टोकाला जवळजवळ वांगी रंग दिसतो. टोकं सगळ्यात हट्टी असतात ती यामुळेच.

एक दिलासा आहे. मेंदी केसाचा स्वतःचा रंग काढून घेत नाही. काळ्या केसातलं मेलॅनिन आत जसंच्या तसं असतं आणि मेंदी त्यावर तांबडी झाक देते. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, म्हणून तिथे निव्वळ मेंदीचा नारिंगी दिसतो. तुमचे केस मुळात काळे असतील तर काम बरंच सोपं आहे. बहुतेक पांढरे असतील तर धीर जास्त लागेल, आणि खालचा मोठा भाग त्याबद्दलच आहे.

आधी ठरवा, लावलं काय होतं

पाकीट जपून ठेवलं असेल तर मागची बाजू वाचा. घटकांत फक्त लॉसोनिया इनर्मिस लिहिलं असेल तर ती शुद्ध मेंदी. पाकीट नसेल तर वेळ आठवा. शुद्ध मेंदीला रंग चढायला दोन ते चार तास लागतात, रंग नारिंगी ते तांबडा येतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत हवेने गडद होतो. अर्ध्या-पाऊण तासात केस काळे झाले असतील तर ते मेंदीचं काम नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा डायमधला घटक असतो, आणि नुसत्या पाण्यात कालवून तो चालावा म्हणून बेरियम पेरॉक्साइडसारखं द्रव्य घातलेलं असतं. अर्ध्या तासात भडक लाल रंग आला असेल तर सोडियम पिक्रामेट असू शकतं.

मेंदी आणि नीळ, म्हणजे इंडिगो पावडर, एकत्र किंवा पाठोपाठ लावली असेल तर ते लक्षात ठेवा. ब्लीच करताना तिचा मोठा अडथळा होतो.

आपल्याकडे अजून एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे लोखंडी कढई. चहाच्या पाण्यात, आवळा पावडर आणि कात घालून रात्रभर कढईत भिजवलेली मेंदी काळपट होते, कारण लोखंड आणि चहा-आवळ्यातलं तुरट टॅनिन मिळून गडद संयुग तयार होतं. केसांवर त्यातलं थोडं लोह बसतं. नुसतं वाढवून कापणार असाल तर याने काही बिघडत नाही. पण पार्लरमध्ये पेरॉक्साइड (ब्लीच आणि बहुतेक डायमधलं रसायन) असलेलं काही वापरणार असाल तर कढईची माहिती तिथे सांगायलाच हवी. धातू आणि पेरॉक्साइड एकत्र आले की केस गरम होतो आणि तुटतो.

पहिले दोन महिने काही करू नका

मेंदी थांबवा आणि सहा ते आठ आठवडे मुळं वाढू द्या. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे दोन महिन्यांत दोन-अडीच सेंटीमीटर मूळ रंग दिसतो. भर दिवसा खिडकीपाशी उभं राहून चार ठिकाणी भांग पाडा: कपाळावर, दोन्ही कानशिलांवर, टाळूवर आणि मानेच्या वर. कानशिलं पूर्ण पांढरी आणि मागचा भाग अजून बराच काळा, असं चित्र पुष्कळांचं असतं. वर्षानुवर्षं मेंदी लावणाऱ्यांना आपला आजचा मूळ रंग ठाऊक नसतो. तो पाहिल्याशिवाय कुठे परतायचं हे ठरवता येत नाही.

याला अपवाद एकच. काल-परवाच लावलेली मेंदी नकोशी झाली असेल तर थांबू नका. पहिल्या ४८ तासांत सैल रंगद्रव्य अजून पुरतं बसलेलं नसतं. तेव्हा लगेच खालचा तेलाचा उपाय लागोपाठ दोन दिवस करा. याच काळात तेलाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

तेलाने उतरवणे

घरगुती उपायांत केसांना कमीत कमी इजा करून थोडाफार फरक पाडणारा हाच. अपेक्षा मात्र बेताची ठेवा: अर्धी ते एक छटा फिकी, आणि वरचा साचलेला भडकपणा कमी.

खांद्यापर्यंतच्या केसांना ६० ते ८० मिली तेल लागतं, कमरेपर्यंतच्यांना दीडशे मिलीपर्यंत. साधं खोबरेल चालतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिनही चालतं. ते केसात मुरत नाही, वरच राहतं, म्हणून धुवायला चिवट असतं. आवळा, माका, जास्वंद घातलेली रंगीत तेलं या कामाला घेऊ नका. रंग काढताना दुसरा रंग चढवण्यात अर्थ नाही, आणि मुळाशी येणाऱ्या पांढऱ्या केसांवर ती पिवळट झाक आणतात.

तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. गॅसवर थेट तापवू नका. कोरड्या केसांचे चार भाग करा आणि मुळं सोडून, जिथे मेंदी आहे तिथपासून टोकांपर्यंत तेल चोपडा. टोकांना दुप्पट लावा. मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा, वर बांधा, शॉवर कॅप घाला. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल वरून १५-२० मिनिटं गुंडाळा, थंड झाला की पुन्हा एकदा. त्यानंतर दोन-तीन तास किंवा रात्रभर ठेवा. उशीला जुना अभ्रा घाला.

धुताना बहुतेकजण एक चूक करतात. ते आधी पाणी ओततात, मग शाम्पू लावतात. तेलावरून पाणी ओघळून जातं आणि शाम्पू नुसता फिरत राहतो. उलट करा. तेलकट, न भिजवलेल्या केसांवरच दोन-तीन चमचे शाम्पू घ्या, हाताने चांगला चोळा, लगदा पांढुरका झाला की मूठभर पाणी शिंपडा, पुन्हा चोळा आणि मग धुवा. दुसऱ्यांदा नेहमीसारखा शाम्पू करा. फेस पांढऱ्या मगमध्ये किंवा तळहातावर घेऊन बघा. पहिल्या एक-दोन खेपांना तो गढूळ चहासारखा तांबूस दिसतो, कडेला केशरी रेघ उमटते. हीच सुटणारी मेंदी.

आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ वेळा करा. फेस स्वच्छ पांढरा येऊ लागला की थांबा. त्यापुढे तेलाने निघण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि दर वेळच्या दोन शाम्पूंनी केस कोरडे होत जातात. प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर फक्त लांबीवर लावा, तीन मिनिटं ठेवा.

तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर आधी एक काम करा. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, मेंदी त्यामुळे आणखी निस्तेज आणि काळपट दिसते. ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू महिन्यातून दोनदा वापरला आणि शेवटचं पाणी आरओचं किंवा पावसाचं घेतलं तरी रंग मोकळा दिसतो. पुष्कळदा ‘मेंदी बसून राहिली’ असं वाटतं तेव्हा निम्मा दोष क्षारांचा असतो.

जे करायचं नाही

खायचा सोडा शाम्पूत घालून चोळल्याने केसाची बाहेरची खवलं उघडतात, थोडा रंग निघाल्यासारखा वाटतो, आणि केस काथ्यासारखा होतो. लिंबाचा रस लावून उन्हात बसणं त्याहून वाईट. ऊन केसातलं मेलॅनिन फिकं करतं आणि मेंदी तिथेच राहते, म्हणजे काळे केस आणखी तांबडे दिसू लागतात. मधात पाणी मिसळलं की अगदी थोडं पेरॉक्साइड तयार होतं, पण मेंदी हलवण्याइतकं नाही. दह्याने केस मऊ होतील, रंग तिथेच राहील. भांड्याचा साबण केसांना नको. फरशी-कपड्यांचं ब्लीच तर कधीच नाही, त्यात केस अक्षरशः विरघळतो आणि टाळू भाजते.

डाय काढण्याचे जे रिमूव्हर मिळतात ते रासायनिक डायचे मोठे रेणू तोडण्यासाठी बनवलेले असतात. लॉसोनवर त्यांचा परिणाम होत नाही. ‘काळी मेंदी’ प्रत्यक्षात पीपीडीचा डाय असेल तर मात्र त्यातला काळेपणा याने काही अंशी निघू शकतो. म्हणूनच लावलं काय होतं हे आधी ठरवायचं.

काळे केस, वर तांबडी झाक

तेलाचे हप्ते झाल्यावरही उन्हात केस लाल दिसत असतील तर दोन वाटा आहेत. तसंच वाढू देणं ही पहिली, कारण मुळं काळी आणि लांबी तांबूस-काळी यांतला फरक घरात फारसा दिसतही नाही. दुसरी म्हणजे वरून थंड छटेचा डेमी-पर्मनंट, म्हणजे काही आठवड्यांत धुऊन उतरत जाणारा रंग लावणं. खोक्यावरच्या आकड्यात टिंबाच्या आधीचा अंक रंगाचा गडदपणा सांगतो आणि नंतरचा छटा. बहुतेक कंपन्यांत .१ म्हणजे ॲश, म्हणजे राखेरी. ३.१ किंवा ४.१ तांबडेपणा मारतो. निव्वळ १ नंबरचा पक्का काळा घेऊ नका. तो मेंदीवर शाईसारखा बसतो, मूळ केसांपेक्षा काळा दिसतो, आणि पुढे तो काढायचा नवा उद्योग सुरू होतो.

कोणताही डाय लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहा. खाज, सूज किंवा लाली आली तर लावू नका. पूर्वी काळ्या मेंदीने टाळू चुरचुरली असेल तर पीपीडीची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

ब्लीच करायचा विचार असेल तर

आधी एका बटेची चाचणी. मानेच्या मागून, वरच्या केसांखाली झाकल्या जाणाऱ्या जागेतून वीस-पंचवीस केस कापा, एका टोकाला दोऱ्याने बांधा. टोकाकडचा भाग त्यात यायलाच हवा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत १ भाग ब्लीच पावडर आणि २ भाग ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूम डेव्हलपर (ब्लीच कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) कालवा. स्टीलची वाटी किंवा चमचा नको. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. बट त्यात बुडवून दर पाच मिनिटांनी पाहा, जास्तीत जास्त अर्धा तास.

वाटी गरम झाली, बुडबुडे आले, उग्र वास सुटला किंवा केस ताणल्यावर रबरासारखा लांबून तुटला, तर त्यात धातूचे क्षार आहेत. ब्लीचचा विषय तिथेच संपला. अशा केसांवर पेरॉक्साइडचा कोणताही रंगही नको, कापणं हाच मार्ग. बट हिरवट किंवा निळसर-हिरवी झाली तर आत नीळ आहे. वरचा मेंदीचा आणि केसाचा रंग उतरतो, निळीचा निळा उरतो, आणि पिवळ्या पोतावर तो हिरवा दिसतो. आणखी ब्लीच करून तो जाईलच असं नाही. बट फिकी नारिंगी किंवा पिवळट झाली आणि ओली असताना ताणल्यावर तुटली नाही, तर ती शुद्ध मेंदी आहे.

पहिल्या खेपेला मेंदीचे केस नारिंगीच्या पलीकडे क्वचितच जातात. दोन-तीन खेपा, मध्ये चार ते सहा आठवडे, हे धरून चाला. घरी संपूर्ण डोक्याला ब्लीच करू नका. केसांवरची मेंदी उतरवण्याचा अनुभव असलेल्या रंगकाराकडे जा आणि शेवटची मेंदी कधी लावली, किती वर्षं लावत होतात, कढई होती का, नीळ होती का, हे चारही खरं सांगा. ‘दोन वर्षांपूर्वी लावली होती’ म्हणजे गेली असं होत नाही. खांद्याखालच्या केसांत ती आजही आहे.

पांढऱ्या केसांवर परतताना

सगळ्यात अवघड महिने असतात तिसरा ते नववा. मुळाशी चांदी, खाली नारिंगी, मधे सरळ रेघ. बहुतेकजणी याच टप्प्यावर कंटाळून पुन्हा मेंदी भिजवतात. आधीपासून नियोजन केलं तर हा टप्पा निभावता येतो.

हिशोब असा. हनुवटीपर्यंतच्या बॉबसाठी २० ते २५ सेंटीमीटर मूळ रंगाचे केस लागतात, म्हणजे दीड ते दोन वर्षं. खांद्यापर्यंत, साधारण ३० सेंटीमीटरसाठी, दोन ते अडीच वर्षं. अगदी आखूड कट चालत असेल तर पाच-सहा महिन्यांत मेंदीतून पूर्ण सुटका. दर दोन महिन्यांनी दोन सेंटीमीटर कापले तर तेवढेच मुळाशी वाढलेले असतात. लांबी जिथल्या तिथे राहते आणि मेंदीचा पट्टा दर खेपेला दोन सेंटीमीटरने घटतो. सुरुवातीलाच एकदा धीर करून दहा सेंटीमीटर कापले तर जवळपास नऊ महिने वाचतात. थर चढलेली वांगी टोकं त्यातच जातात, म्हणून हा सल्ला आम्ही आग्रहाने देऊ. जे कापायचंच आहे त्यावर ब्लीचचा खर्च करू नये.

रेघ लपवण्यासाठी भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा, पांढरं आणि नारिंगी एकमेकांत मिसळतं. केस मागे घट्ट ओढून वेणी घातली की कानशिलांची रेघ उठून दिसते. सैल अंबाडा बरा, टोकं आत दडतात. लग्नकार्यापुरतं मुळांवर रूट स्प्रे किंवा पावडर मारता येते. ती एका धुण्यात जाते. ‘तात्पुरता’ म्हणून डायची पुडी मात्र लावू नका, नाहीतर वाढीचा हिशोब त्या दिवसापासून पुन्हा सुरू होतो.

पार्लरमधून घेण्यासारखी मदत म्हणजे लोलाइट्स. नारिंगी लांबीत अधूनमधून बारीक बटा थंड तपकिरी रंगाने गडद करतात, मुळाच्या पांढऱ्याला हात लावत नाहीत. डोक्याचे केस अजून निम्मे काळे असतील तर हे फार छान मिसळतं. केस नव्वद टक्के पांढरे असतील तर उलट, नारिंगीतच बारीक फिक्या बटा काढाव्या लागतात. तेव्हा वर सांगितलेली चाचणी सोडू नका. पूर्ण डोकं तपकिरी करून घ्यायला कोणी सुचवलं तर नकार द्या, कारण वर येणारी चांदी त्यावर आणखी ठळक दिसेल.

निळा शाम्पू नारिंगीपणा दाबतो, जांभळा पिवळेपणा. मेंदीच्या लांबीसाठी निळा, पिवळट पडलेल्या पांढऱ्या केसांसाठी जांभळा. गडद तांबड्यावर निळ्याचा फरक जवळजवळ दिसत नाही, फिक्या नारिंगीवर दिसतो. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटं पुरे. निळा शाम्पू मुळाच्या पांढऱ्या केसांना लागू देऊ नका, ते पटकन रंग धरतात आणि निळसर डाग दोन-तीन धुण्यांपर्यंत राहतात. सोपी रीत अशी: पांढऱ्या भागाला आधी कंडिशनर चोपडून ठेवायचं, मग हातमोजे घालून शाम्पू फक्त रेघेच्या खाली लावायचा, आणि मान पुढे वाकवून धुवायचं म्हणजे फेस मुळांवरून ओघळत नाही.